फुंकायची सवय

"बिडी ओढता का, आजी?"

बोईसरच्या डॉक्टरनं मला हे विचारलं तेव्हा माझा नवरा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. सदऱ्याच्या खिशात बिडीचं बंडल, कानामागे अर्धी विझवलेली बिडी, आणि मिशी मधोमध धुरानं पिवळी झालेली. डॉक्टरनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, "मी नाय ओढत. ह्यो ओढतो." तर डॉक्टर म्हणतो, "त्यांचं नंतर बघू. दम तुम्हाला लागतो ना?"

घ्या! हा न्याय. पन्नास वर्षं बिड्या फुंकल्या ह्यानं, आणि फुफ्फुसं गेली माझी. हा माणूस अडुसष्टाव्या वर्षी कमरेला कोयता बांधून नारळावर चढतो आणि वरून मलाच ओरडतो, "बाजूला हो गो, डोक्यात पडंल." आणि मी, जिनं जन्मात बिडी ओठाला लावली नाही, ती बंदरावरून घरापर्यंत येताना तीन ठिकाणी थांबते. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ह्यानं काय निष्कर्ष काढला असेल? म्हणाला, "बघ, मी ओढतो तर मला काय नाय झालं. म्हंजी बिडी औषधी हाय." त्याच्या अंगावर टाकायला हातात काही नव्हतं म्हणून तो वाचला.

तारापूरच्या बाजूला समुद्राकाठी आमचं गाव. नवरा होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल होता, आता ओट्यावर बसून जाळी सांधतो. मी मासळी विकली, बोंबील वाळवले, आणि लग्नांत धवले म्हटले. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, पण नुसतं गाणं नव्हे. आमच्याकडे भटजी असो वा नसो, धवलारणीनं धवला म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. हळद कुटण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला धवला असतो. मी धवलारीण. माझ्या आधी माझी सासू. गावातली निम्मी लग्नं तिच्या गळ्यानं लागली आणि उरलेली निम्मी माझ्या.

सासूनं मला धवले शिकवले ते चुलीपुढे बसवून. लग्न होऊन आले तेव्हा मी पंधरा वर्षांची. ओळीबद्दल तिचा एकच नियम होता. "वळ मधी तोडायची नाय. एका दमात म्हणायची. वळ तुटली का संसार तुटला." आणि दम कसा वाढवायचा? तर फुंकणीनं. ओली लाकडं, नारळाच्या झावळ्या, वर खोबऱ्याच्या करवंट्या, आणि हातात लोखंडी नळी. जाळ लागेपर्यंत श्वास तोडायचा नाही. ती ठासून सांगायची, "फुंकणी मारल्याबिगर धवलारणीचा गळा तयार व्हत नाय." मी मारली. दिवसातून तीन वेळा, पन्नास वर्षं. गळा तयार झाला यात शंका नाही. छातीचं काय झालं ते बोईसरला कळलं.

दम लागायला दोनएक वर्षं झाली होती. सुरुवातीला मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. टोपली घेऊन बंदरावरून वर येताना छाती भरून यायची, मग मी वाटेतल्या एखाद्या ओट्यापाशी उभी राहून घरच्यांची चौकशी करायची. "सून कशी हाय? गुडघा कसा हाय? मांजरी व्याली का?" तेवढ्यात श्वास जागेवर यायचा. गावात बोलबाला झाला की म्हातारपणी ही बाई भारी मायाळू झाली. त्या मांजरीशी माझं काय देणंघेणं? पण तिसऱ्या ओट्यावरची बाई ते खरंच समजली आणि एक पिल्लू माझ्या घरी आणून सोडून गेली. ते अजून आहे.

मग दसऱ्याला नातीचं लग्न ठरलं. माझ्या लेकीची ही मोठी पोर. लेक-जावई सरावलीला राहतात, जावई एमआयडीसीत कामाला, आणि नातही तिथंच एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मुलगा पालघरचा. लग्न आमच्या दारात, वैशाखात. ठरल्या दिवशीच नात माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, माझा धवला तूच म्हणायचा. सगळाच्या सगळा. मला दुसरं काही नको." मी म्हटलं, "म्हणंन की, न म्हणायला काय झालं?" आणि हे सांगताना मला मधे एकदा श्वास घ्यावा लागला. तिनं ते पाहिलं. तिनंच ह्याला सांगून मला डॉक्टरकडे न्यायला लावलं.

डॉक्टरकडे आधी एक तपासणी झाली. एक पोरगी आली, नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि म्हणाली, "आजी, जोरात फुंका. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून!" मला हसूच आलं. अगं पोरी, फुंकायचं तू मला शिकवतेस? ओल्या बाभळीला जाळ लावणारी बाई मी! जीव खाऊन फुंकलं. डोळ्यांपुढे तारे चमकले. म्हटलं, पहिला नंबर आपलाच. मशीनमधून कागद निघाला, डॉक्टरनं तो बघून मान हलवली. मी नापास. फुंकण्यात नापास! पन्नास वर्षांची पुण्याई त्या एका कागदानं बुडवली.

डॉक्टरनं समजावून सांगितलं, त्यात खोट नाही. म्हणाला, हा साधा दमा नव्हे, सीओपीडी. धुरानं श्वासाच्या नळ्या बारीक झाल्यात, आतल्या फुग्यांची ताकद गेली. हवा आत जाते पण पुरती बाहेर येत नाही, जुनी हवा आतच साचून बसते आणि नव्या हवेला जागा राहत नाही. हे मात्र मला झटकन कळलं. आमच्या घराच्या माळ्यावर ह्याची फाटकी जाळी अशीच साठलीत, टाकू देत नाही आणि नवीन काही ठेवायची सोय नाही. मी विचारलं, "बरं व्हईल?" तो म्हणाला, "गेलेलं परत येत नाही. पण चूल सोडली, औषध नीट घेतलं, चालत राहिलात, तर चांगलं जगता येईल." मला तेवढं लांबचं नको होतं. मी विचारलं, "वैशाखात धवला म्हणता येईल?" तो म्हणाला, "धवला म्हणजे? भजन का?"

आता ह्याला काय सांगायचं? बाहेर चाळीस माणसं खोकत बसली होती. मी म्हटलं, "तसंच."

त्यानं मला एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं, अंगठ्याएवढं. त्यात कॅप्सूल घालायची, फिरवायची, तोंडाला लावायची, आणि जोरात... इथं त्याचा फोन वाजला. फोनवर बोलता बोलता त्यानं स्वतःच्या तोंडापुढे हात नेऊन काहीतरी करून दाखवलं आणि भुवया उडवल्या, कळलं ना? मी मान हलवली. डॉक्टरपुढे "कळलं नाय" म्हणणारं माणूस आमच्या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचं आहे. औषधवाल्यानं खोक्यावर "सकाळी १, रात्री १" असं लिहिलं आणि तोही मोकळा झाला.

घरी आले. कॅप्सूल घातली. फिरवली. नळी तोंडाला लावली. आता सांगा, जिनं जन्मभर तोंडाला लागलेल्या नळीत एकच गोष्ट केली ती दुसरं काय करणार? मी फुंकलं.

असं फुंकलं की पलीकडून पांढऱ्या भुकटीचा लोट निघाला. मी चकित! म्हटलं, बघा, एका फुंकीत छातीतला कफ पांढरा होऊन बाहेर पडला. नवऱ्याला हाक मारली आणि संध्याकाळी त्याच्यासमोर परत करून दाखवलं. तो जाळं बाजूला ठेवून बघत राहिला. म्हणाला, "सुटला गो सुटला! भारी मशीन हाय." मग रोजच बघायला यायला लागला. दोन शहाणी माणसं भिंतीपुढे उभी, एक फुंकतंय आणि दुसरं वाहवा करतंय. दिवाळीपासून होळीपर्यंत हे चाललं. माझं सगळं औषध स्वयंपाकघराच्या भिंतीनं घेतलं. तिथं एक पाल असायची, तिच्या छातीत काही बिघाड असलाच तर तो पुरता बरा झाला असेल.

आणि हे सगळं चोरून. एक तर गावात बोलतात, "पंप लागला का सुटत नाय." दुसरं म्हणजे बाजारातल्या बाया. मी दोनदा पदरात खोकले तशी शेजारणीनं आपली पापलेटं हातभर लांब सरकवली. टीबी टीबी अशी कुजबुज झाली. मासळीवालीला असलं नाव लागलं की संपलंच. म्हणून मी ते यंत्र कुणाला दिसू नये अशा ठिकाणी ठेवलं, सुक्या जवळ्याच्या डब्यात. तोंडाला लावलं की आधी जवळ्याचा वास. मी म्हटलं, असेल, औषधाचा असेल.

दम काही कमी होईना, उलट वाढला. मग गाव पुढे सरसावलं. एकीनं वेखंड उगाळून दिलं. एकीनं खेकड्याचा रस्सा सांगितला, तो मात्र मी आवडीनं घेतला. एक जण सांगत आला की दूर दक्षिणेत कुठं तरी जिवंत मासा गिळायला देतात, त्यानं दमा जातो. साठ वर्षं मासे विकलेल्या घरातल्या बाईला मासा खायला हजार मैल पाठवतोय शहाणा! आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "पर बिडी तर तुजा नवरा ओढतो ना?" जसं काही मी त्याची बिडी चोरून ओढत होते.

चूल सोडायची तर ती कशी सोडायची तेही बघा. गॅस घरात आहे, पण त्याच्यावर फक्त चहा. कालवण चुलीवरच हवं, नाहीतर हा ताट सरकवतो. वर शनिवार-रविवार मी केळव्याला जायची. माझ्या भाच्यानं तिथं माडांच्या वाडीत चार खोल्या बांधून मुंबईच्या लोकांसाठी पाटी लावलीय, "चुलीवरचं जेवण". चुलीपुढे बसायला त्याला एक सुरकुतलेली म्हातारी हवी होती, ती मी. तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या आणि फुंकायचं. मुंबईच्या पोरी समोर मोबाइल धरून बसायच्या. "आजी, परत एकदा फुंका ना, धूर नीट नाही आला." मी परत फुंकायची. मग खोकल्याची उबळ यायची तर त्या आपसात म्हणायच्या, "किती खरंखुरं आहे ना सगळं!" खरंच होतं, बायांनो. त्याहून खरं काही नव्हतं. स्वतःच्या घरी मात्र त्या धुराचा पंखा लावल्याशिवाय पापडही भाजत नसतील.

सांगायची लाज वाटते, पण सांगते. सासूही शेवटची पाच-सहा वर्षं अशीच खोकायची. चुलीपुढे बसली की अर्ध्यात फुंकणी टाकून छाती धरून बसायची. सगळे म्हणायचे, वय झालं. आणि मी, तिची सून, तिच्या हाताखाली धवले शिकलेली, मी तिला म्हटलं होतं, "आत्याबाय, कामाच्या येळंलाच बरा खोकला येतो तुमाला." ती काही बोलली नव्हती. बोलायला दम कुठून आणणार होती? आता बंदराच्या चढावर मी थांबते तेव्हा ते वाक्य मला आठवतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

होळीला नात आली. तिला माझ्या हातची जवळ्याची चटणी हवी होती, म्हणून तीच उठून डबा काढायला गेली. आतून हाक आली, "आजी, हे काय?" एका हातात जवळा, दुसऱ्या हातात माझं यंत्र. मी म्हटलं, "हळू बोल, दार लाव." तिनं दार लावलं आणि म्हणाली, "घेऊन दाखव."

मी रुबाबात कॅप्सूल घातली, फिरवली आणि फुंकलं. भिंतीवर पांढरा लोट उठला. दारातून नवरा म्हणाला, "बघ पोरी, कसा कफ सुटतो!"

नात मटकन खाली बसली. आधी हसली, पोट धरून हसली. मग बघता बघता तिचे डोळे भरले. "आजी, हे आत ओढायचं असतं गं. फुंकायचं नसतं. चार महिने तू औषध घेतलंच नाहीस!" माझ्या पायाखालची जमीन सरकली. लग्नाला दोन महिने राहिले होते. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो भिंतीकडे बघत होता. तेवढ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "म्हंजी ओढायचंच होतं? मग आधी मला इचारायचं. ओढायचं मला येतं." त्या दिवशी मात्र हाताशी पळी होती.

नातीनं मला शिकवलं ते लहान पोराला शिकवावं तसं. आधी तोंड बाजूला करून श्वास पुरता सोडायचा. मग नळी ओठांत घट्ट धरून जोरात, खोल आत ओढायचं. दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचं. मग चूळ भरायची. सोपं वाटतं? पन्नास वर्षांची सवय मोडून बघा! नळी ओठाला लागली की गाल आपोआप फुगायचे. आठ दिवस मी एकदा ओढायची आणि दोनदा फुंकायची. नात सरावलीहून रोज व्हिडिओ कॉल करून पहारा ठेवायची. यंत्र जवळ्यातून निघून देवाच्या फळीवर गेलं, सगळ्यांना दिसेल असं. कुणी विचारलं तर सांगायला लागले, "पंप हाय माजा. तुला पायजे का?"

केळवं बंद केलं. भाच्याला म्हटलं, तुझी आई बसव. चूल बंद केली, सगळं गॅसवर. पहिल्याच दिवशी हा ताटावर बसून म्हणाला, "कालवणाला चव नाय." मी फुंकणी आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "चव पायजे तर घे, फुंक." गुपचूप जेवला. बिडीसाठी नातीनं त्याला माडांच्या पलीकडे जायला लावलं. तो जायचा आणि परत येऊन सांगायचा की लांब चालल्यानं पाय दुखतात. मीही चालायची, घर ते बंदर, आधी तीन ओटे, मग दोन, मग एक. नाकानं श्वास आत घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. चढावर चंबू करून चालणारी म्हातारी बघून पोरं शीळ समजायची. समजू देत.

वैशाखापर्यंत छाती बरीच मोकळी झाली. पुरती नाही, ती होणारच नव्हती. धवले म्हणून बघायची, तर बाकी सगळ्या ओळी एका दमात जमायच्या. एकच जमेना. नवरी निघतानाचा धवला आहे, सासूनं सगळ्यांत शेवटी शिकवलेला. "नवरीची होडी निंगाली पल्याड, शिडाला वारा दे गो आये." वाचायला एवढीशी ओळ, पण धवल्याची चाल लांब, एकेक अक्षर ओढत न्यायचं. "शिडाला"पाशी माझा श्वास संपायचा. रोज तिथंच.

जावयाच्या कानावर गेलं. माणूस चांगला, पण चांगल्या माणसांचंच भय असतं. म्हणाला, "आई, हल्ली धवले पेन ड्राइव्हमध्ये मिळतात. डीजेवाल्याला देतो, तुमचा त्रास वाचेल." माझं डोकंच फिरलं. माझ्या नातीचं लग्न पेन ड्राइव्ह लावणार? मी म्हटलं, "मग नवरीबी मोबाइलातली आणा." म्हटलं खरं, पण त्या रात्री नाही म्हटलं तरी मला भीती वाटली. ओळ तुटली तर? संसार तुटतो हे मी मानत नव्हते. पण सासू मानत होती, बाया मानत होत्या, आणि पोर माझी होती.

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव, मांडवाच्या कोपऱ्यात लग्नाची चूल. आमच्याकडे त्या चुलीला पहिला जाळ धवलारणीनं लावायचा, त्याशिवाय धवला सुरू होत नाही. बायांनी फुंकणी माझ्या हातात दिली. हळदीनं पिवळी झालेली नात पाटावरून ओरडली, "आजी नाही! आजी फुंकणार नाही!" मग दुसरी कोण? मी बायांकडे बघितलं. एकीची साडी नवीन, एकीनं तोंडाला रंग लावलेला, एकीला फुंकणी कुठल्या बाजूनं धरतात हेच ठाऊक नव्हतं. आणि काय सांगू, माझा नवरा उठला.

"आण," म्हणाला. "आयुष्यभर फुंकतोच हाय."

बसला चुलीपुढे. पहिली फुंक इतक्या जोरात मारली की सगळी राख उलटून मिशीत. लोक हसले. दुसऱ्या फुंकेला धूर आला. बिडीचा धूर कसा शहाणा, ओढणारा म्हणेल तेवढाच येतो. हा नाकात, डोळ्यांत, घशात सगळीकडून आला. ह्याला ठसका लागला तो थांबेना. डोळे लाल, नाकातून पाणी. तरी फुंकत राहिला. जाळ लागला तेव्हा तो वळून माझ्याकडे बघायला लागला. "रोज असा?" त्यानं विचारलं.

"तीन वेळा," मी म्हटलं.

तो उठून मांडवाच्या खांबामागे जाऊन उभा राहिला.

डीजे थांबवला. मी यंत्र काढलं, सगळ्या वऱ्हाडादेखत ओढलं, चूळ भरली आणि सुरू केलं. हळदीचा धवला झाला, मुंडावळ्यांचा झाला, माळेचा झाला. जिथं ओळ संपते तिथं नाकानं श्वास, ओठांनी सोडायचा, पुढची ओळ. पालघरची मंडळी घड्याळ बघायची विसरली. मग नवरी निघायची वेळ आली. नात माझ्यासमोर उभी. "नवरीची होडी निंगाली पल्याड," मी उचललं, "शिडाला..."

आणि संपला. छातीत काहीच उरलं नाही. तोंड उघडं आणि आवाज नाही. मी बायांकडे पाहिलं, त्यांनी माना खाली घातल्या. कुणालाच पुढचं येत नव्हतं. कुणी शिकलंच नव्हतं. डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला. नातीचा चेहरा पांढरा पडला. मेले, म्हटलं. तुटली.

खांबामागून आवाज आला. घोगरा, खरखरीत, बिडीनं जाड झालेला. "वारा दे गो आये."

धवला पुरुष म्हणत नाहीत. कधीच नाही. मांडवात हशा उसळला, वराकडच्या पोरांनी मोबाइल वर केले. हा मिशीत राख घेऊन उभा होता, कुणाकडे बघत नव्हता, कानापर्यंत लाल. पन्नास वर्षं हा होडीवर नसला की ओट्यावर जाळी सांधत बसायचा. आत चुलीपुढे आधी त्याची आई शिकवत होती, मग मी एकटी म्हणत होते. मला वाटायचं ह्याला चवीपलीकडे आतलं काही कळत नाही. ह्यानं सगळं ऐकलं होतं. तेवढ्यात माझ्या छातीत हवा आली. मी पुढची ओळ घेतली. जिथं मी थांबेन तिथं तो पुढे न्यायचा. ओळ एकदाही तुटली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत हसणाऱ्या बायाही हसायच्या थांबल्या होत्या.

नवरी गेली. मांडव ओस पडला. तो माझ्याशेजारी येऊन बसला, कानामागची बिडी काढली, बोटांत फिरवली आणि परत कानामागे ठेवली.

"चाल चुकली काय गो माजी?"

चुकली होती. चांगली सडकून चुकली होती. दोन शब्दही चुकले होते, आणि एका ठिकाणी नवरीच्या जागी त्यानं नवरा म्हटला होता. एरवी मी त्याला गावभर ऐकवलं असतं. छातीत तेव्हा दम भरपूर होता, भांडायलाही पुरला असता. मी पदरानं त्याच्या मिशीतली राख पुसली.